एका सहलीचे रविवार

— नाही गं, बस, बस, उठू नकोस. मामी नंदगडला गेल्यात वास्तुशांतीला, संध्याकाळशिवाय येत नाहीत. आणि मामा आज लवकरच गेलेत कॅम्पात फिरायला. तुझे बाबा त्यांच्याबरोबरच असणार की. रविवारी दोघांचं फिरणं कमी आणि चर्चसमोरच्या कट्ट्यावर बसून मोबाईल बघणं जास्त. म्हणजे आपल्याला तासभर तरी आहे. आणि तू कशाला आलीयस ते मला कळलंय, रचना. रिकामा डबा परत द्यायला? रिकामा डबा द्यायला रविवारी सकाळी कुणी इस्त्रीचा ड्रेस घालून येतं होय? तुला आईनं पाठवलंय. ‘जा, हरिभाऊंच्या सुनेला विचारून ये. तिचा नवरा आणि धवल तिकडं जर्मनीत एका खोलीत राहतात, तिला सगळं माहीत असणार.’ बरोबर? — हां, हसलीस. चौकशीला आलीयस. मग तसं सांगायचं की सरळ. चहा घे आधी, निवतोय.

तर काय, धवल कसा आहे. मुलगा शांत आहे. मित्रपरिवार मोठा आहे. घरची माणसं चांगली. झालं, जा घरी, सांग जा! — अगं, असंच सांगतात सगळे. आपल्याकडं चौकशीची एक भाषाच आहे. शांत आहे म्हणजे घरात त्याला कुणी विचारत नाही. मित्रपरिवार मोठा म्हणजे बसतो. आणि ‘आता पुष्कळ सुधारलाय’ असं कुणी म्हटलं तर बॅग उचलायची आणि पहिली बस पकडायची. उघड वाईट मात्र कुणी सांगायचं नाही, कारण जमत आलेलं लग्न मोडलं तर सांगणाऱ्याला पाप लागतं. न मोडल्यावर जे लागतं ते कुणाला लागतं, ते काय कुणी सांगत नाही.

फोटो आणलायस? स्थळाबरोबर आलेला? दाखव बघू. — हं. पुलावरचा. मरून जॅकेट, हात रेलिंगवर, नजर लांब कुठंतरी, जसं काय पुढचं सगळं आयुष्य नदीपलीकडं उभं आहे आणि हे साहेब त्याला हात करणारेत. मागं घुमट. छान आलाय. मला हा फोटो पाठ आहे. नाही नाही, आमच्या ग्रुपवर नाही आलेला, पण याच पुलावर, याच रेलिंगला, हेच जॅकेट घालून सुहास आलाय. — सासूबाई घरात नाहीत म्हणून नावानं बोलतेय हं, नाहीतर ‘हे’. — फेब्रुवारीत आला तो फोटो. जॅकेट दोघांचंही नाही. एका तेलुगू पोराचं आहे. तो बिचारा नुसत्या स्वेटरवर उभा राहून फोटो काढत होता.

मी होते का तिथं? मी कुठली असणार! गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट, माझं लग्न डिसेंबरात. पण तुला सांगते, त्या सहलीबद्दल मला जेवढं माहीत आहे तेवढं जे गेले त्यांनाही आठवत नसेल. ते राहतात केम्निट्झला आणि सहल ड्रेस्डेनला. अंतर किती, तर बेळगावातनं निपाणी. तेवढंच. सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. मी माहेरी निपाणीला जाऊन येते म्हटलं की मामी म्हणतात, ‘एका दिवसात कुठलं होतंय गं, दगदग होईल.’ ड्रेस्डेन होतं. निपाणी होत नाही.

तर तिकडं असं आहे म्हणे, एक तिकीट काढलं की पाच जणांनी दिवसभर गाडीनं हिंडायचं. मग पाच डोकी जमवली. सुहास, धवल, तो जॅकेटवाला आणि आणखी दोघं. बॅग भरली. बॅगेत काय? चपात्या, शेंगदाण्याची चटणी आणि सहा जॅकेटं. एका दिवसाच्या सहलीला सहा जॅकेटं, चार मफलर, दोन टोप्या आणि कुणाचा तरी चष्मा — काचा नसलेला. ही सगळी धवलची अक्कल. तो म्हणालेला, ‘एकदाच जायचं आणि वर्षभर पुरवायचं.’ लोणचं घालतात ना उन्हाळ्यात, तसं.

मग काय, उतरल्यापासून तेच. चर्चपुढं एक जॅकेट. राजवाड्याच्या कारंज्यापुढं दुसरं. मधे एका बागेत झुडपामागं जाऊन कपडे बदलायचे. तिथं एक जर्मन आजी बाकावर बसलेली, ती बराच वेळ बघत होती म्हणे आणि शेवटी तिनं टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं नाटकातली पोरं आहेत. बाईला बरोबर कळलं, बघ. भाषा येत नसताना. — मी एकदा सुहासला विचारलं, एवढं मोठं शहर, लढाईत पार बेचिराख झालेलं आणि दगडावर दगड ठेवून परत उभं केलेलं, तू काय बघितलंस तिथं? तर विचार करून म्हणाला, ‘ऊन कुठल्या बाजूनं येतंय ते.’

कशासाठी म्हणून काय विचारतेस? रविवारी इकडं फोटो लागतो ना! आमच्या मामांना निवृत्तीपासून दोन गोष्टींनी माणसात ठेवलंय, एक सकाळचं फिरणं आणि दुसरा रविवारचा फोटो. साडेसातला फोटो येतो, आठला मामा कॅम्पात. ‘हे बघा मारुतीराव, आमचं पोरगं या आठवड्यात कुठं गेलतं. अभ्यास लई हाय, पण शनिवारी जरा हिंडतंय.’ तुझे बाबा चष्मा वर करून बघत असतील. सगळा कट्टा बघतो. मग कुणीतरी म्हणतं, हरिभाऊ, नशीब काढलं तुम्ही. मामा घरी येतात ते दोन इंच उंच होऊन. त्या दिवशी भाजी कसलीही असू दे, चांगलीच झालेली असते.

आता मला सांग, दर आठवड्याला जाऊन फोटो काढणं झेपेल का कुणाला? म्हणून ते लोणचं. एक ड्रेस्डेन — त्याचं नोव्हेंबरात ड्रेस्डेन झालं, जानेवारीत लाइपझिग झालं, मार्चमध्ये तर प्राग झालं. पूल एकच. नदी एकच. मामांना काय, घुमट दिसला की झालं.

मला कसं कळलं? अंगठ्यानं. — हो, अंगठ्यानं. सुहासच्या उजव्या अंगठ्याला त्या दिवशी पट्टी होती, डॉक्टरी, पांढरी, जाड. नोव्हेंबरातल्या फोटोत पट्टी. ठीक आहे, कापलं असेल कांदा चिरताना, मामी तर हळहळल्या पण, ‘पोराला कांदा चिरायची सवय न्हाय गं.’ मग डिसेंबरात लग्न. अंतरपाट निघाला, भटजींनी माझा हात त्याच्या हातात दिला, सगळ्या बायका माझ्याकडं बघतायत आणि मी मान खाली घालून — मान खाली घातली की दुसरं काय दिसतं गं? अंगठा दिसतो. बरा झालेला. नुसता एक पांढरा व्रण, तिरका. तेवढाच मी नवऱ्याचा पहिल्यांदा निवांत बघितला. मग तो गेला परत आणि फेब्रुवारीच्या फोटोत — पुलावर, मरून जॅकेट — अंगठ्याला पट्टी. मार्चमध्ये प्राग, पट्टी. मामी परत हळहळल्या. म्हटलं, नव्यानं कापलं असेल. पण त्याच अंगठ्याला, त्याच जागी, आणि पट्टीचं एक टोक तसंच सुटलेलं?

आणि पानं. झाडांची पानं पिवळी धमक. मार्चमध्ये, एप्रिलमध्ये, पिवळी. मी एकदा जेवताना म्हटलं पण, तिकडं आत्ता वसंत असणार ना मामा. तर मामा म्हणाले, ‘परदेशातली झाडं गं ती. आपल्यागत न्हाईत.’ मी भूगोल शिकवत होते, रचना. निपाणीच्या हायस्कुलात, आठवी ते दहावी, ऋतुचक्र माझ्या हातचं. आणि मी काय केलं? ‘व्हय मामा’ म्हटलं आणि कढी वाढली.

मग एक दिवस फोनवर विचारलं त्याला. रागानं नाही. नुसतं म्हटलं, अंगठा कशानं कापला होता?   म्हणाला, ‘कटरनं. खोकी कापायच्या.’ — कसली खोकी? — आणि मग निघालं सगळं. एका पेपरात तिसऱ्यांदा गेला. तिकडं नियम असा की तिसऱ्यांदा गेलं की नावच काढतात, गेट बंद. आपल्यासारखं नाही, की बॅकलॉग ठेवा आणि म्हातारे व्हा. नाव निघालं सप्टेंबरात. मग व्हिसापुरतं कुठल्यातरी कॉलेजात नाव घातलं आणि काम पार्सलच्या गोदामात. खोकी फोडायची, खोकी भरायची. तिथं कापलेला तो अंगठा. — नाही, एकट्याचं नाही गेलं. दोघांची नावं एकाच आठवड्यात निघाली. हो, धवलची पण. तोच पेपर, तेच गोदाम. बाकीचे लोक नापास झाले की रडतात, दार लावून झोपतात, आईला फोन करतात. आमची पोरं पुढच्याच महिन्यात ऊन बघून फोटो काढायला गेली.

काय झालं? चहा सांडला? असू दे, मी पुसते. — नाही, तुला सांगणार नव्हते गं एवढं. मी ठरवलेलं की धवलपुरतं बोलायचं. पण धवलचं सांगायला गेलं की सुहास येतोच मागून, त्याच जॅकेटात.

आणि बघ, माणूस वाईट नाही. सुहास. उलट मला वाटतं त्यानं मला लग्नाआधी सांगायचं मनात पण आणलं असेल. विमानतळावरून घरी येताना ठरवलं असेल, आणि फाटकावर मामांनी मिठी मारली की विसरला असेल. त्या सगळ्या फोटोंत एकच फोटो चुकून निघालाय. नदीच्या पायऱ्यांवर बसून चपाती खातोय, तोंड भरलेलं, कुणाकडं बघत नाही, जॅकेट पण नाही. तेवढाच मला नवऱ्याचा वाटतो. तो मी नाही टाकायला दिला. बाकीचे खालून थोडे कापले की अंगठा जातो, पण त्याच्यात — म्हणजे, कापले तर जातो, असं म्हणतेय मी, कुणी जर —

काय बघतेस अशी?

— बरं. व्हय. मीच कापते. एप्रिलपासून. तो मला सगळे पाठवतो, मी इथं बसून निवडते, खालून कापते, आणि परत त्याला पाठवते, मग तो ग्रुपवर टाकतो. फोटो बेळगावातून जर्मनीला, जर्मनीतून बेळगावला, आणि मधे नुसती ही एक भिंत, मामांच्या खोलीची. पलीकडनं मोबाईल वाजला की मामा ओरडतात, ‘आला गं, आला!’ आणि मी इथनं विचारते, ‘कुठं गेलते हो या वेळी?’ मे महिन्यात मी पानं हिरवी केली. मोबाईलमध्ये होतात, एका बोटानं. मामा त्या दिवशी म्हणाले, बघ, म्हटलं न्हवतं मी, उशिरा येतोय वसंत तिकडं. तुला हसू येतंय? मला पण आलेलं. मग जरा वेळानं नाही आलं.

कारण काय आहे, मामांना सांगायचं कुणी? सुहास म्हणतो, सांगू, एकदा नोकरी लागू दे. नोकरी लागणार कशी, तर डिग्री झाली की. असं ते फिरतं. आणि मला म्हणतो, ‘तुला कसं जमतं गं इतकं बारीक बघायला.’ कौतुक करतो बघ माझं. शाळेत माझं कुणी केलं नव्हतं एवढं.

शाळा? सोडली ना. लग्न ठरलं त्याच आठवड्यात. इकडच्यांचं म्हणणं, व्हिसा कधी येईल सांगता येत नाही, मोकळं असलेलं बरं. मोकळी झाले. सात महिने मोकळीच आहे. व्हिसाची फाईल म्हणे अडकलीय. आता ज्याला स्वतःचंच नाव टिकवायची मारामार, तो बायकोची फाईल कुठनं हलवणार, पण मामी दर मंगळवारी गणपतीला दूर्वा वाहतात त्यासाठी. गणपतीला पण कळत नसेल काय करावं. — तू उद्या देणार आहेस ना राजीनामा? मच्छेच्या कारखान्यात? मामी म्हणत होत्या, पोरीनं आधीच सोडलं तर चार पदार्थ शिकून होतील. तू तिथं काय करतेस, मशीनवर माप बघतेस ना, केसाइतकं इकडंतिकडं झालं की माल परत? मग हा फोटो कसा पास केलास गं? मापं बघणारी बाई तू.

नाही, रागावू नकोस. मी कोण तुला बोलणार! माझ्यावेळी तर चौकशीला मी आलेच नव्हते. आमचे आप्पा आलेले निपाणीहून, एकटेच, लाल बसनं. उन्हाचे. पत्ता विचारत गल्लीच्या तोंडाशी थांबले, आणि तिथं एक सभ्य गृहस्थ पेपर वाचत उभे. आप्पांनी विचारलं, हरिभाऊंचा मुलगा कसा आहे हो? पेपराची घडी घालून ते गृहस्थ म्हणाले, ‘सोन्यासारखं पोरगं. डोळे झाकून द्या मुलगी. मी दर रविवारी फोटो बघतोय त्याचे.’ वर आप्पांना घरी नेऊन सरबत दिलं. आप्पांनी झाकले डोळे. — हो. तुझेच बाबा. मारुतीकाका. मला वाटलं तुला माहीत असेल.

अगं, दोष नाही देत त्यांना. त्यांनी खरंच बघितलेले फोटो. आणि त्यांना जे दिसलं तेच त्यांनी सांगितलं. मी फक्त एवढंच म्हणतेय की आज त्यांची पोरगी माझ्या दारात डबा घेऊन आलीय, आणि मी पण तुला सरबत देऊन पाठवू शकले असते. सोपं होतं. मुलगा शांत आहे, मित्रपरिवार मोठा आहे. तुझं लग्न झालं असतं, तुला पण रविवारचे फोटो कापायला आले असते, आपण दोघींनी मिळून कापले असते. माझ्या हातात हल्ली सफाई आलीय.

आता तू घरी जाऊन काय सांगणार? ‘नको’ म्हटलंस तर आई विचारणार का. का म्हटलं की धवल येणार, धवल आला की सुहास, आणि सुहास आला की उद्या सकाळी कॅम्पात आमच्या मामांना कट्ट्यावर बसायला जागा नाही. आणि ‘होय’ म्हटलंस तर — ते तर तुझं तुलाच दिसतंय. वर फोटो संपत आलेत, ते वेगळंच. दोनच उरलेत, त्यातल्या एकात धवलचं कोपर आलंय. पुढच्या महिन्यात मामा काय दाखवणार कुणास ठाऊक. मी सुहासला म्हटलं, परत एकदा जाऊन या. तर म्हणाला, शनिवारी गोदामात दुप्पट काम असतं.

— अगंबाई. किती वाजले? साडेसातचा राहिलाच की फोटो. मामा आज फोटोआधीच निघाले, तू आलीस, मी बोलत बसले, निवडून ठेवलेला तसाच राहिला. म्हणजे आज कट्ट्यावर मामा नुसते... थांब. फाटक वाजलं.

बसून राहा तू. उठू नकोस म्हणते ना. डबा ठेव खाली.

— या मामा. आज लवकर? काका, तुम्ही पण या ना आत, असे दारात का? — नाही मामा, नाही आला फोटो. नेट आहे. चालू आहे. मोबाईल पण बरा आहे तुमचा, द्या इकडं, बडवू नका. — कोण, रचना होय? मघाचीच आलीय. काका, लपवताय काय आता, चौकशीलाच आलेली ती. झाली की चौकशी. काय सांगितलं? — नको म्हणून सांगितलं. होय काका, बरोबर ऐकलंत. धवलला देऊ नका मुलगी. — मामा, तुम्ही असे बघू नका माझ्याकडं. सांगते, का ते पण सांगते, सगळं सांगते. आधी बसा. — नाही, फोटोचं नंतर. बसा म्हणते ना मामा. काका, तुम्ही पण.